चुकलेले शॉट कुणाच्या वहीत?

मुलीकडे आयोवा सिटीला काढलेल्या हिवाळ्याबद्दल मागच्या अंकात मी ओझरतं लिहिलं, आणि पत्रं आली ती बहुतेक बास्केटबॉलची. मला फार आनंद झाला. नागपूरला कॉलेजात असताना मी खेळले, पुढे तीस-पस्तीस वर्षं स्कोअररच्या टेबलावर बसले. माझ्या आवडीच्या विषयावर इतक्या मनापासून कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. या वेळची पानं त्याच पत्रांना.

प्रश्न : ताई, माझी भाची आयोवा विद्यापीठात शिकते. तिच्या नादाने २०२३-२४चा अमेरिकेतला मुलींचा कॉलेज बास्केटबॉलचा हंगाम मी पहाटे उठून पाहिला. जानेवारीत हंगाम अर्ध्यावर आला तेव्हा आयोवाचा आणि साउथ कॅरोलायनाचा आकड्यांचा तक्ता कागदावर उतरवून घेतला. आयोवाची सरासरी नव्वदीच्या घरात, त्यात केटलिन क्लार्कसारखी ढिगाने गुण करणारी खेळाडू. मी घरात सांगून टाकलं, याच जिंकणार. एप्रिलमध्ये साउथ कॅरोलायना ३८ पैकी ३८ सामने जिंकून विजेती ठरली. जानेवारीच्या तक्त्यात हे दिसायला हवं होतं का? कागद सोबत जोडला आहे. – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : हो, दिसायला हवं होतं. सगळं नाही, पण बरंचसं. तुमचा कागद मी दोनदा पाहिला. एकेका मुलीची ओळ नीट उतरवली आहे, खाली संघाची बेरीजही आहे. पण त्या तक्त्यात बेरजेच्या खाली आणखी एक ओळ असते, 'प्रतिस्पर्धी' म्हणून. समोर आलेल्या सगळ्या संघांनी मिळून आपल्याविरुद्ध काय केलं, ते तिथे असतं. ती ओळ तुम्ही घेतलीच नाहीत. अहो, अर्धा खेळ त्या एका ओळीत असतो!

साउथ कॅरोलायनाची ती ओळ त्या वर्षी वाचण्यासारखी होती. हंगामअखेर हिशेब झाला तेव्हा त्यांच्याविरुद्ध समोरच्यांचे शंभरातले जेमतेम बत्तीस शॉट पडले होते. कॉलेजच्या बऱ्या संघाचे चाळीसच्या वर पडतात. म्हणजे समोरची मुलगी शॉट मारते आहे, रोज मारते तसाच मारते आहे, आणि तो पडत नाही. यात नशीब फार थोडं. त्यांच्याकडे कमिला कार्डोसो होती, ब्राझीलची, सहा फूट सात इंच. तिने ब्लॉक केलेले शॉट तक्त्यात मोजले जातात. पण ती रिंगखाली उभी आहे हे पाहून आत शिरलेल्या मुलीने लेअप, म्हणजे रिंगजवळचा सोपा शॉट, घाईत मारला, किंवा मारलाच नाही आणि चेंडू बाहेर फेकला, तर ते कार्डोसोच्या नावावर कुठेच लागत नाही. ते जातं या 'प्रतिस्पर्धी' ओळीत. आणि चुकलेल्या त्या अडुसष्ट शॉटचा रिबाउंड, म्हणजे रिंगवरून परत आलेला चेंडू, बहुतेक वेळा साउथ कॅरोलायनाचीच मुलगी घ्यायची, त्यामुळे समोरच्यांना दुसरी संधी क्वचित मिळायची.

आता आयोवाच्या नव्वदीकडे येऊ. आयोवा धावणारा संघ. क्लार्कने रिबाउंड घेतला की दुसऱ्या सेकंदाला चेंडू अर्ध्या मैदानापलीकडे. संघ धावला की त्याला चेंडूचा ताबा जास्त वेळा मिळतो, पण तेवढ्याच वेळा समोरच्यांनाही मिळतो. दोन्हीकडचे गुण फुगतात. म्हणून मी सामन्यामागची सरासरी आधी बाजूला ठेवते आणि ताबे मोजते. हिशेब सोपा आहे : घेतलेले शॉट, त्यातून आपल्याच हाती परत आलेले ऑफेन्सिव्ह रिबाउंड वजा करायचे, टर्नओव्हर, म्हणजे शॉट न मारताच गमावलेले चेंडू, मिळवायचे, आणि फ्री थ्रोला (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटला) ०.४४ने गुणून तेही मिळवायचे. फ्री थ्रो बहुतेक जोडीने येतात, काही वेळा बास्केटवर एक जादा मिळतो, म्हणून निम्म्याहून थोडं कमी. समजा एका संघाने ७८ ताब्यांत ९० गुण केले आणि दुसऱ्याने ७२ ताब्यांत ८४. कागदावर पहिला संघ सहा गुणांनी पुढे. ताब्यामागे पाहिलं तर पहिल्याचे १.१५, दुसऱ्याचे १.१७. दुसराच संघ किंचित सरस!

आयोवावर मात्र अन्याय नको. त्यांचं आक्रमण ताब्यामागे मोजलं तरी देशात अव्वलच होतं. क्लार्कची सामन्यामागे ३१.६ गुण आणि ८.९ असिस्ट अशी सरासरी होती. हे असिस्ट म्हणजे ज्यांवर दुसऱ्या मुलीने लगेच बास्केट केली असे पास. आक्रमणात काही कमी नव्हतं. कमी होतं ते समोरच्यांना थांबवण्यात.

आयोवाने त्या हंगामात ३४ सामने जिंकले, ५ हरले. हरलेल्या पाच सामन्यांत समोरच्यांचे गुण बघा : कॅन्सस स्टेट ६५, ओहायो स्टेट १००, नेब्रास्का ८२, इंडियाना ८६ आणि शेवटी साउथ कॅरोलायना ८७. ओहायो स्टेटविरुद्ध २१ जानेवारीला, तुम्ही म्हणता त्याच अर्ध्या हंगामात, क्लार्कने ४५ गुण केले आणि तरी जादा वेळेत संघ ९२-१०० असा हरला. एका मुलीने ४५ करूनही संघ हरतो तेव्हा मी आक्रमणाचं पान मिटते आणि दुसरं उघडते. कॅन्सस स्टेटचा सामना वेगळ्या जातीचा होता. तिथे खेळ मुद्दाम संथ झाला, क्लार्कचे ३२ पैकी ९ शॉट पडले, थ्री, म्हणजे लांबच्या रेघेबाहेरून मारलेले तीन गुणांचे शॉट, तर १६ पैकी २. नव्वदीचा संघ स्वतःच्या मैदानावर ५८ वर थांबला. ही गोष्ट नोव्हेंबरची.

त्या मैदानाबद्दल थोडं सांगते. कार्व्हर-हॉकआय अरीना टेकडीच्या उतारात खोदून बांधलेलं आहे. दारातून आत गेलं की आपण सगळ्यांत वर असतो आणि मैदान खाली, विहिरीच्या काठावरून पाणी पाहावं तसं. २ जानेवारीला मिशिगन स्टेटविरुद्धचा सामना मी तिथे वरच्या रांगेत बसून पाहिला. मांडीवर जुनी आडव्या रेघांची वही, हातात पेन्सिल. डाव्या पानावर आयोवा, उजव्या पानावर मिशिगन स्टेट. शेवटच्या क्षणी ७३-७३ अशी बरोबरी, आणि क्लार्कने रिंगपासून कितीतरी लांबून, मैदानावरच्या चित्राजवळून थ्री मारला. चेंडू हवेत होता तेव्हा पंधरा हजार माणसं गप्प होती, आणि तो पडल्यावर माझ्या शेजारची पांढऱ्या केसांची बाई माझ्या गळ्यातच पडली. ७६-७३. क्लार्कचे ४०. दुसऱ्या दिवशी सगळीकडे तो एक शॉट दिसत होता. माझ्या मनात मात्र वहीचं उजवं पान राहिलं. पाहुण्या संघाला मोकळे शॉट मिळत होते, तेही परत परत. हे रात्री मुलीला म्हटलं तर ती रागावली. पण तेव्हापासून मला आयोवाची काळजी वाटू लागली ती गेली नाही.

आणखी एक. अर्ध्या हंगामाच्या तक्त्यात नोव्हेंबर-डिसेंबर भरलेला असतो. त्या दिवसांत मोठी विद्यापीठं लहान कॉलेजांना घरी बोलावतात आणि पन्नास-साठ गुणांनी हरवतात. ते आकडे सरासरीत मिसळले की गहू नि खडे एकाच पोत्यात. मी तगड्या संघांविरुद्धचे सामने निवडून वेगळे लिहिते. साउथ कॅरोलायनाचा पहिलाच सामना ६ नोव्हेंबरला पॅरिसमध्ये नोत्र दामशी होता, तो त्यांनी १००-७१ असा जिंकला. आदल्या वर्षीच्या पाचही सुरुवातीच्या खेळाडू गेलेल्या असताना! तो एक सामना मला डिसेंबरातल्या दहा सामन्यांपेक्षा जास्त सांगून गेला.

पण तक्त्यात न दिसणारंही असतं, म्हणून वर 'बरंचसं' म्हटलं. २०२३च्या मार्चअखेर डॅलसला उपांत्य फेरीत याच आयोवाने साउथ कॅरोलायनाला ७७-७३ असं हरवलं होतं. साउथ कॅरोलायनाने तेव्हा २६ ऑफेन्सिव्ह रिबाउंड घेतले होते. एवढे घेऊन कुणी हरत नाही. पण आयोवाने बाहेरून मारणाऱ्या मुलींना मोकळं सोडलं आणि पाचही जणी आत गोळा केल्या. साउथ कॅरोलायनाचे २० थ्रीपैकी ४ पडले, तिथेच सामना गेला. मोकळं सोडलेल्यांतली एक साउथ कॅरोलायनाची गार्ड रेव्हन जॉन्सन. पुढच्या वर्षी क्लीव्हलँडच्या अंतिम सामन्यात क्लार्कला धरायचं काम मुख्यतः तिच्याकडे होतं. क्लार्कने पहिल्या क्वार्टरमध्ये १८ गुण केले, नंतरच्या तिन्ही क्वार्टर मिळून १२. शॉट २८, पडले १०. रिबाउंड ५१ विरुद्ध २९. ८७-७५. एक मुलगी वर्षभर मनात काय घेऊन सराव करते आहे, हे जानेवारीच्या तक्त्यात लिहिलेलं नसतं.

प्रश्न : मी अमरावती जिल्ह्यातल्या एका कॉलेजात क्रीडाशिक्षक आहे. मुलींचा संघ दरवर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत उतरतो. आकडे ठेवायचे म्हटलं तर हाताशी फक्त स्कोअरशीटच्या प्रती. ॲप वगैरे घ्यावं का? – एक शिक्षक

उत्तर : सर, ॲप नको. आधी वही घ्या.

स्कोअरशीट मी हजारांनी भरल्या. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरला लाल पेन, दुसऱ्या-चौथ्याला निळा. बास्केट झाली की नव्या बेरजेच्या आकड्यावर तिरकी रेघ, फ्री थ्रो पडला की भरीव ठिपका, थ्री असेल तर त्या मुलीच्या नंबरभोवती गोल. फाउल, टाइम-आउट, सगळं तिथे. पण चुकलेल्या शॉटला त्या कागदावर जागाच नाही. पडला तो लिहिला, चुकला तो हवेत विरला. रिबाउंड नाही, टर्नओव्हर नाही. एखाद्या मुलीने चाळीस मिनिटं समोरच्या सर्वांत चांगल्या खेळाडूला बांधून ठेवलं, तर स्कोअरशीटवर तिच्या नावापुढे तीन फाउल तेवढे दिसतात. कितीतरी वर्षं मी हा कागद भरत होते आणि प्रत्येक वेळी मला त्या मुलीचं वाईट वाटायचं.

म्हणून बेंचवर दोन मुली बसवा. दुखापत झालेली असेल तर ती पहिली, तिला संघापासून तुटल्यासारखं वाटत नाही. एकीकडे आपला संघ, दुसरीकडे समोरचा. दोघींच्या पानावर अर्ध्या मैदानाचं चित्र हाताने काढलेलं. शॉट जिथून मारला तिथे पडला तर गोल, चुकला तर फुली, बाजूला नंबर. चित्राखाली तीनच रकाने : ऑफेन्सिव्ह रिबाउंड, टर्नओव्हर, फ्री थ्रो. उभ्या रेघा मारत जायच्या, पाचवी आडवी. एवढ्यावर वर सांगितलेला ताब्यांचा हिशेब पूर्ण होतो. डीन ऑलिव्हर नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने सामने कशाने जिंकले जातात याचे चार घटक मांडले. शॉटची गुणवत्ता सर्वांत वर, मग टर्नओव्हर, मग ऑफेन्सिव्ह रिबाउंड, शेवटी फ्री थ्रो. तुमच्या वहीत चारही आले.

सहा सामने झाले की समोरच्यांची चित्रं एकावर एक ठेवून बघा. गोल सगळे रिंगच्या उजव्या हाताला दाटले असतील तर तुमचा झोन, म्हणजे जागा वाटून घेऊन केलेला बचाव, त्या बाजूने उघडा पडतोय. हे ओरडून सांगण्यापेक्षा ते पान मुलींसमोर ठेवा. मी एका संघाला असं पान दाखवलं होतं. कोपऱ्यात खेळणारी मुलगी बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "मॅडम, हे सगळे माझेच आहेत." दुसऱ्या दिवसापासून तिला आपली बाजू सोडू नकोस म्हणून सांगावं लागलं नाही.

प्रश्न : केटलिन क्लार्कने पुरुषांचाही विक्रम मोडला म्हणतात. पण मुलींचा चेंडू लहान, मग ही तुलना बरोबर आहे का? – एक वाचक, मडगाव

उत्तर : पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये पीट मॅराविचचे एकूण ३,६६७ गुण होते. क्लार्कने ३ मार्च २०२४ला ते ओलांडले आणि ३,९५१ वर थांबली. मॅराविच तीनच वर्षं खेळला, ८३ सामने, आणि तेव्हा थ्रीची रेघ नव्हती. क्लार्कला चार वर्षं आणि १३९ सामने मिळाले. दोघंही थोर, आणि एवढं शेजारी लिहिलं की वाद मिटतो.

माझं मन दुसरीकडे अडकतं. कॅन्सस विद्यापीठाची लिनेट वुडर्ड १९८१पर्यंत खेळली आणि ३,६४९ गुण करून गेली. थ्रीची रेघ नाही, आणि चेंडू पुरुषांचाच, कारण मुलींचा लहान चेंडू तिथे १९८४-८५च्या हंगामात आला. तिच्याआधी एका लहान कॉलेजातून खेळलेल्या पर्ल मूरचे ४,०६१ आहेत, क्लार्कपेक्षाही जास्त. पण तेव्हा मुलींच्या स्पर्धा वेगळी संघटना भरवायची. १९८१-८२पासून एनसीएएने, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या मुख्य संघटनेने, मुलींची स्पर्धा सुरू केली आणि विक्रमांची पाटी नव्याने लिहिली. या दोघींची नावं त्या पाटीवर आली नाहीत. क्लार्कमुळे ती पुन्हा लोकांच्या तोंडी आली, याचं मला फार समाधान आहे.

चेंडू लहान म्हणून सोपं, असं समजू नका. आमच्या काळी आम्हीही सात नंबरच्या, म्हणजे पुरुषांच्याच चेंडूने खेळलो. जगभर मुलींसाठी सहा नंबर २००४मध्ये आला. नवा चेंडू पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा बोटं त्याच्याभोवती नीट बसली, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं आमचे शॉट आखूड का पडायचे, ते त्या क्षणी कळलं.

प्रश्न : मी अकरावीत आहे, कॉलेजच्या संघात आहे पण बेंचवर. या वर्षी आठ सामन्यांत माझे एकूण अकरा गुण. सर नोटीस बोर्डावर सगळ्यांची सरासरी लावतात, त्यात मी शेवटून दुसरी. खेळणं सोडावं का? – एक खेळाडू, सांगली

उत्तर : सोडू नकोस. आधी मला सांग, त्या आठ सामन्यांत तू मिनिटं किती खेळलीस? ते तू लिहिलं नाहीस, म्हणजे बोर्डावरही नसणार. चाळीस मिनिटं खेळणारीचे आणि चार मिनिटं खेळणारीचे गुण एकाच रांगेत लावले तर चार मिनिटंवाली कायम खालीच राहणार.

वर ज्या अंतिम सामन्याबद्दल लिहिलं, त्यात साउथ कॅरोलायनाच्या बेंचवरून आलेल्या मुलींनी ३७ गुण केले. आयोवाच्या बेंचने शून्य. त्या ३७ पैकी १९ टेसा जॉन्सनचे. ती पहिल्या वर्षाला होती आणि हंगामभर तिची सरासरी एक आकडीच होती. जानेवारीत तिच्या ओळीकडे फार कुणी पाहिलं नसेल. प्रशिक्षक डॉन स्टेली मात्र तिला उतरवत राहिल्या, कधी थोडी मिनिटं, कधी जास्त.

तू असं कर. बेंचवरच्या मैत्रिणीला सांग, तू मैदानात उतरलीस की घड्याळ आणि स्कोअर लिही, बाहेर आलीस की पुन्हा लिही. उतरताना ३१-३६ आणि बाहेर येताना ३९-३९ असेल, तर तू खेळत असताना तुमचे आठ आणि समोरच्यांचे फक्त तीन गुण झाले. त्या आठांत तुझा एकही नसेल, तरी ते पाच अधिक तुझ्या नावापुढे लागतात. एका सामन्यावरून काही ठरवू नकोस, पाच-सहा सामने लिहा. मग ते पान सरांना दाखव. तक्रार म्हणून नको, "सर, हेही बोर्डावर लावू या का?" असं विचार. आणि त्याची एक प्रत मासिकाच्या पत्त्यावर मलाही पाठव. समोरच्या संघाचं पान सोबत जोडायला विसरू नकोस.